शारजाचं सामान

पनवेलच्या मोहल्ल्यातून कुणी आखातात निघाला की त्याच्या घराचं पोस्ट ऑफिस होतं. माणूस जातो एकटा, पण त्याच्या बॅगेतून अर्धा मोहल्ला जातो. शनिवारी सकाळपासून फहमिदाच्या दारात रांग लागली होती. उद्या संध्याकाळच्या विमानाने मुबारक शारजाला परत चालला होता ना, झालं! कुणाचा मुलगा दुबईत, कुणाचा जावई अबुधाबीत, आणि प्रत्येकीच्या हातात 'अगदी नावापुरतं' एक पुडकं. नावापुरता सुका जवळा, नावापुरता मसाला, नावापुरते तांदळाचे पापड. असं नावापुरतं नावापुरतं करत बॅग फुगते आणि ज्याची बॅग असते त्याचे शर्ट पलंगावरच राहतात.

"जवळा नीट बांधलाय ना, खाला?" फहमिदाने विचारलं.

"चार पिशव्यांत घातलाय. वास आला तर नाव बदल माझं."

"मागच्या वेळी पण हेच म्हणाला होतात. तिकडचा कस्टमवाला यांच्याकडे बघून नाक दाबून बसला होता."

बायका खो खो हसल्या. फहमिदाही हसली, पण तिचे हात थांबले नाहीत. जुन्या चादरीचे तुकडे, दाभण, दोरा आणि निळं मार्कर पेन. पुडकं कापडात शिवायचं, वर नाव लिहायचं, जड ते तळाला, मऊ ते वर. लग्नाला चौदा वर्षं झाली, आणि मुबारकची बॅग तिच्याशिवाय कुणी भरली नव्हती. या कामात तिचा हात धरणारं मोहल्ल्यात कुणी नव्हतं, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

पण या खेपेला तिला काहीतरी खटकत होतं. दर वेळी जायच्या आदल्या दिवशी मुबारकचं तोंड उतरलेलं असायचं. बॅगेपाशी घुटमळायचा, काट्यावर पुन्हा पुन्हा वजन करायचा, विनाकारण लेकीच्या, माहनूरच्या डोक्यावरून हात फिरवायचा. आज हा गडी गच्चीवर आरसा टांगून दाढी करत होता, आणि शीळ घालत होता. शीळ! उद्या जाणारा माणूस कधी शीळ घालतो का? फहमिदाने दाभण कापडात खुपसून ठेवलं आणि वर बघितलं. तिला राग आला. दोन वर्षांनी दोन महिन्यांसाठी येणाऱ्या नवऱ्याने जाताना निदान खूश तरी असू नये, एवढी तिची अपेक्षा होती.

मुबारकचा धाकटा भाऊ अरबाज तेवढ्यात बॅग उचलून बघायला आला. चोवीस वर्षांचा, आयटीआय झालेला, आणि गेलं वर्षभर एकाच गोष्टीवर जगणारा. मुबारक शारजाच्या कंपनीत एसी दुरुस्तीचा फोरमन होता, आणि या वेळी परत गेला की अरबाजचा व्हिसा पाठवणार होता. अरबाजने त्या भरवशावर नवी जीन्स, शिवाय गॉगलसुद्धा घेऊन ठेवला होता.

"भाभी, थोडी जागा ठेवा. पुढच्या खेपेला याच बॅगेतून माझे कपडे जायचेत."

"आधी तुझे भाईजान जाऊ देत," फहमिदा म्हणाली. "बघ, त्यांचं लक्ष तरी आहे का बॅगेकडे."

आणि तेवढ्यात गल्लीत हॉर्न वाजला. एकदा नाही, लग्नाच्या वरातीत वाजवतात तसा, लांबच लांब. पोरं ओरडत धावली. दारातल्या बायका बाजूला झाल्या. एक पिवळी मॅटाडोर अरुंद गल्लीत कशीबशी शिरून थेट दारासमोर उभी राहिली. बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर स्वस्तिक, आणि ड्रायव्हरच्या सीटवरून गुडघा धरत उतरणारे दिनानाथकाका.

करंजाड्याच्या दिनानाथकाकांना सगळं पनवेल ओळखायचं. अर्ध्या पनवेलची पोरं त्यांच्याच मॅटाडोरमधून शाळेत गेली होती. त्यांच्या एका हातात नारळ होता, दुसऱ्यात पेढ्यांचा पुडा. दारातली गर्दी बघून त्यांचा चेहरा फुलला.

"वा वा! येवढी मानसं जमवली! आमी म्हनलं, घरातलीच दोन-चार असतील. गाडीच्या मुहूर्ताला येवढी गर्दी पयल्यांदा बगतोय. चांगला हाय, चांगला हाय!"

"कसला मुहूर्त, काका?" अरबाजने विचारलं.

"आता कसला म्हंजे? गाडीचा! मुबारकभायची गाडी नाय का ही? सोमवारपासून तेच चालवनार. शालेची पोरं सोडायची नि आनायची. माजे गुडगे गेले, म्हनून दिली त्यांना." काकांनी पेढा अरबाजच्या हातावर ठेवला. "खा, खा. तोंड गोड कर."

अरबाजच्या हातावर पेढा तसाच राहिला. फहमिदाच्या मांडीवर अर्धं शिवलेलं पुडकं होतं, त्यावर 'शौकत, दुबई' एवढंच लिहून झालं होतं. आणि जिन्यावरून मुबारक धावत खाली आला, एका गालाला साबण, दुसरा गाल गुळगुळीत, खांद्यावर टॉवेल.

"काका! मी म्हणालो होतो ना, मी बोलवेन तेव्हा या!"

"अरे मी इथना चाललो व्हतो, तर दारात ही गर्दी. मला वाटला, सांगून झाला तुमचा. मानसं जमली, म्हंजे खुशीचाच कायतरी असनार." काका चाचरले. "सांगितला नाय काय?"

"सांगणारच होतो," मुबारक म्हणाला.

"कधी?" फहमिदा उठून उभी राहिली. "विमान उडाल्यावर?"

दिनानाथकाका शहाणे. त्यांनी नारळ ओट्यावर ठेवला, किल्ली त्याच्या शेजारी ठेवली, "येतो मंग" म्हणाले आणि लंगडत गल्लीबाहेर पडले. शेजारणींना मात्र घरी जायचं सुचेना. शेवटी मुबारकच्या अम्मींनी दारात येऊन "चला गं, जोहरच्या नमाजाची वेळ झाली" असं दोनदा म्हटलं, तेव्हा कुठे अंगण रिकामं झालं.

दार लागलं, आणि मग जे काही सुरू झालं! आवाज ऐकून पलीकडच्या गल्लीतून मुबारकची मोठी बहीण जैतूनआपाही ओढणी सावरत आली. ती आली म्हणजे भांडणाला रंग चढणारच.

"ड्रायव्हर?" आपाने कपाळावर हात मारून घेतला. "फोरमनचा ड्रायव्हर? अरे, लोक मुलांना आखातात पाठवायला दागिने मोडतात, आणि तू आयती खुर्ची सोडून पोरं वाहणार? माझ्या सासरी मी काय तोंड दाखवू?"

"तोंड तुझं तेच राहील ना, आपा. ते कुठे बदलतंय?"

"मस्करी करू नकोस, मुबारक. अम्मी, बोल ना काहीतरी!"

अम्मी खुर्चीत बसल्या होत्या, तसबीह हातात, मणी मात्र सरकत नव्हते. या घरातले पुरुष बाहेर जातात, हा अम्मींच्या हिशेबी निसर्गाचा नियम होता. सासरे बोटीवर सारंग. नवरा कुवेतमध्ये, आयुष्यभर. मग मुबारक. पुरुष घरी असतो तो ईदला, लग्नात किंवा आजारी पडल्यावर. "तुला तिकडे कुणी काही बोललं का?" त्यांनी विचारलं. "साहेबाशी भांडण झालं? तब्येत बिघडली? खरं सांग."

"काही नाही, अम्मी. तब्येत ठणठणीत आहे. म्हणूनच येतोय."

"आणि माझं काय?" अरबाज ओरडलाच. "माझा व्हिसा? सगळ्या दोस्तांना सांगून बसलोय मी! भाईजान, तुम्हाला मुलं वाहायचीत तर वाहा, पण माझ्या पोटावर पाय देऊन?"

अरबाजला खरंच रडू येत होतं. ते गॉगल-जीन्सचं नव्हतं. आपण या घरातले पुरुष आहोत हे सिद्ध करायची एकच वाट त्याला ठाऊक होती, आणि ती सहारच्या विमानतळावरून जात होती. ज्याने ती दाखवली तोच आता उलटा फिरला होता.

"अरे गाढवा, तुझी कागदपत्रं मी कधीच दिलीत," मुबारक म्हणाला. "तळोज्याचा दाऊद माझ्याच कंपनीत आहे, सध्या तोही सुट्टीवर आलाय. माझ्या जागी तोच फोरमन होतोय. रमजाननंतर तुझा व्हिसा येईल. मी नसलो म्हणून तुझं अडत नाही."

अरबाजने डोळे पुसले. "नक्की?"

"नक्की."

"मग... मग राहू देत ना भाईजानना इथे," अरबाज आपाकडे वळला. "तुम्ही कशाला एवढ्या ओरडताय, आपा?"

"बघा बघा! आत्ता कसा बोलत होता आणि आत्ता कसा बोलतोय! सरडा बरा!"

मुबारक हसला, आणि मग त्याला राहवेना. गेले पंधरा दिवस त्याने हे पोटात दडवून ठेवलं होतं आणि आनंदाने त्याची झोप उडाली होती. तो बोलायला लागला, उभा राहून, हातवारे करत, एका गालावर साबण तसाच वाळत असताना. सकाळी लवकर निघायचं, नवीन पनवेलच्या सेक्टरांतून मुलं गोळा करायची, शाळेत सोडायची, की घरी येऊन नाश्ता. घरी! प्लेट समोर, बायको समोर. मग दुपारी पुन्हा एक फेरी, आणि जेवायला घरी. संध्याकाळी चालत बंदराकडे जाऊ. रविवारी कर्नाळ्याला. "कर्नाळा मी शेवटचा कधी पाहिला ठाऊक आहे? शाळेच्या सहलीत! परदेशी माणसं येऊन पक्षी बघून जातात, आणि मी इथला असून मला एक पक्षी ओळखता येत नाही."

"पक्षी बघायला नोकरी सोडतात का?" आपा म्हणाली. "आणि चालवायचंच काही तर एसीचं दुकान टाक. हातात हुन्नर आहे तुझ्या. निदान बोर्डावर नाव येईल."

"आपा, एसी कधी बिघडतो? लोक जेवायला बसले की. झोपायला गेले की. सुट्टीच्या दिवशी. चौदा वर्षं मी तेच केलंय. घास तोंडात आणि फोन वाजतोय. हुन्नर आहे म्हणून तर सगळे मलाच बोलवतात. इथे दुकान टाकलं की मी घरात असूनही घरात नसेन. शाळेचं बरं असतं. शाळा सुटली की काम सुटलं. मे महिन्यात तर शाळाच नाही!"

"मे महिन्यात काय करणार मग?" अम्मींनी विचारलं.

"आंबे खाणार, अम्मी. तुमच्या शेजारी बसून."

अम्मींच्या ओठांचा कोपरा हलला. मुबारक खाली बसला, त्यांच्या पायाशी.

"गेल्या महिन्यातली गोष्ट सांगू? तुम्ही सगळे वाशीला गेला होतात. मी दुपारी झोपलो होतो. जाग आली तर माहनूर आतल्या खोलीत टेपसमोर बसून बोलतेय. आपण कॅसेट भरून पाठवतो ना शारजाला, तशी. मला वाटलं खेळतेय. ऐकलं तर म्हणते, 'अब्बा, माझा निबंध वर्गात पहिला आला. तुम्ही घरीच आहात पण पाहुणे खूप येतात म्हणून इथे सांगते. शारजाला पोचलात की ऐका.' मी पलीकडच्या पलंगावर, अम्मी! चार पावलांवर! आणि माझी मुलगी मला शारजात गाठायला बघतेय. तिचा खरा अब्बा टेपमध्येच राहतो. मी नुसता येऊन-जाऊन असणारा कुणीतरी."

दारामागे उभी असलेली नऊ वर्षांची माहनूर लाजून आत पळाली. जैतूनआपाने ओढणीने नाक पुसलं.

अम्मी कुणाकडे न बघता बोलायला लागल्या. "तुमचे अब्बा कुवेत सोडून कायमचे आले ना, तेव्हा दोन महिने झाले की बॅग काढून भरायला लागायचे. मी म्हणायचे, अहो, आता कुठे जायचंय? तर ओशाळून पुन्हा कपाटात ठेवायचे. आणि खरं सांगू? मलाही हायसं वाटायचं बॅग काढली की. एवढी मला त्यांच्या जाण्याची सवय. दोघांना एकमेकांची सवय लागेपर्यंत ते अल्लाला प्यारे झाले." त्यांनी तसबीह खाली ठेवली. "जैतून, तू आता गप्प बस. त्याला गाडी चालवायची तर चालवू दे. चोरी तर करत नाही ना? हलाल रोटी आहे."

"मी कुठे नाही म्हणतेय?" आपाचा सूर एकदम पालटला. "मी आपली लोक काय म्हणतील ते सांगितलं. आमची दोघं रिक्षात कोंबून जातात रोज, सात-सात पोरं. मुबारक, त्यांना घेशील ना? पुढे बसव हं, खिडकीपाशी. मामाचीच गाडी म्हटल्यावर!"

अरबाजने हातातला पेढा अखेर तोंडात टाकला आणि शिट्टी वाजवली. मुबारकने टॉवेलने गाल पुसला. जग जिंकल्यासारखा तो सगळ्यांकडे बघत होता, आणि मग त्याच्या लक्षात आलं की ज्या एका माणसासाठी हे सगळं चाललं होतं ते माणूस खोलीतच नव्हतं.

फहमिदा स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. तांदूळ सकाळीच निवडून झाले होते.

"फहमिदा."

तिने ताटातला एक दाणा उगाच बाजूला काढला.

"अगं, अम्मी राजी झाल्या. आपासुद्धा! तुला वाटलं होतं का कधी?"

"मला काय वाटतं ते कुणी विचारलं?" ती ताट बाजूला न सारता म्हणाली. "गाडी बघितलीत, घेतलीत, दाऊदशी बोललात, अरबाजची सोय लावलीत. दिनानाथकाकांना ठाऊक, आणि मी इथे बसून पुडकी शिवतेय! सगळा मोहल्ला बघत होता माझ्या तोंडाकडे."

"तुला खूश करायचं होतं गं. उद्या सकाळी बॅग बाजूला ठेवून सांगणार होतो, की मी जात नाही. तुझा चेहरा बघायचा होता."

"बघा मग. आहे का खूश?"

मुबारकने बघितलं आणि नजर खाली घातली.

"चौदा वर्षांपूर्वी तुम्ही ठरवलंत जायचं," फहमिदा म्हणाली. "मेंदी उतरली नव्हती माझी. मी हो म्हटलं. दर दोन वर्षांनी तुम्हीच ठरवलंत, अजून एक करार, अजून एक. मी हो म्हटलं. घर बांधलं मी, उभी राहून. गवंड्याशी भांडले मी. माहनूरला कावीळ झाली तेव्हा रिक्षा शोधत धावले मी. आता तुम्ही म्हणता, मी आलो, नाश्ता वाढ! तुम्हाला ठाऊक तरी आहे का, मी कशी आहे? दोन महिने तुम्ही असता तेव्हा मी नवी साडी नेसते, गोड बोलते. एरवी मी चिडते. दुपारी पंख्याखाली आडवी होते आणि कुणी हाक मारली तर ओ देत नाही. कंटाळा आला की रात्रीचं जेवण म्हणून चहा-पाव देते पोरीला. रोज समोर बसलात तर हे सगळं दिसेल तुम्हाला."

"मी पण घोरतो," मुबारक हळूच म्हणाला. "टॉवेल ओला कॉटवर टाकतो. शारजात सगळे मला शिव्या देतात."

तिला हसू आलं होतं, ते तिने दाबलं. ते बघून मुबारकला धीर आला, पण तिने हात वर केला.

"नाही, हसण्यावारी नेऊ नका. मला भीती वाटते. तुम्ही राहिलात आणि नाही जमलं, तर परत जायची वाट बंद. सहा महिन्यांनी तुम्ही मनातल्या मनात म्हणाल, हिच्यापायी नोकरी गेली. ते मला सोसायचं नाही." ती उठली. "तिकीट उद्याचं आहे ना अजून?"

"आहे. राजीनामाही अजून दिलेला नाही."

"पासपोर्ट?"

"कपाटात."

"खिशात ठेवा. बॅग भरलेली राहू दे. या लोकांची पुडकी वेगळी काढते, ती तशीही पोचवायला हवीत, दाऊद त्याच विमानाने चाललाय, तो नेईल. उद्या सगळे जाऊ विमानतळावर, तुमच्या त्या पिवळ्या गाडीतून. तिथे गेल्यावर मी सांगेन. जा म्हटलं तर जायचं, गाडी अरबाज परत आणेल. राहा म्हटलं तर राहायचं. चौदा वर्षं तुम्ही ठरवलंत. एकदा मी ठरवते."

"आणि तू जा म्हणालीस तर?"

"तर जाल. हो म्हणायची पाळी या वेळी तुमची."

रविवारी दुपारी मॅटाडोर निघाली तेव्हा सगळी गल्ली हात हलवत होती, आणि नक्की कशासाठी हात हलवायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी "खुदा हाफिज" म्हणालं, कुणी "मुबारक हो" म्हणालं. बॉनेटवरचा हार अम्मींनी काढू दिला नाही. "राहू दे, छान दिसतोय. दिनानाथने मनापासून घातलाय." त्यांनी आयतुल कुर्सी पढून मुबारकवर फुंकर घातली, मग थोडा विचार करून गाडीवरही घातली.

अम्मी आयुष्यात विमानतळावर गेल्या नव्हत्या. फहमिदाही नाही. बायका दारातूनच निरोप द्यायच्या, विमानतळावर जायचे ते पुरुष. माहनूर तेवढी दोन-तीनदा चाचासोबत गेली होती. त्यामुळे गाडीत जी काही धमाल चालली होती! आपा दर सिग्नलला अम्मींना काहीतरी दाखवत होती. वाशीच्या पुलावर अम्मींनी खाडी बघून तोंडात बोट घातलं. अरबाज मागे पुडक्यांच्या ढिगावर बसून गात होता. मुबारकने मानखुर्दच्या चढावर गियर असा घातला की सगळे पुढे आदळले, आणि आपा ओरडली, "अरे, पोरं बसणार आहेत यात, बटाटे नाहीत!"

फहमिदा पुढे बसली होती, मध्ये माहनूर, पलीकडे मुबारक. तिने नवरा गाडी चालवताना कधी बघितला नव्हता. तो जीभ किंचित बाहेर काढून चालवतो हे तिला आज कळलं. त्याच्या शर्टाच्या खिशात पासपोर्ट दिसत होता आणि तो दर थोड्या वेळाने चोरून तिच्याकडे बघत होता. तिने मुद्दामच बाहेर बघितलं. खरं म्हणजे तिचंही ठरलं नव्हतं. सकाळी उठली तेव्हा वाटलं, राहू दे. अंघोळ करताना वाटलं, जाऊ दे, नीट चाललंय ते बिघडवायचं कशाला. चेंबूरला वाटलं, मला काही सुचत नाही, अल्ला, तूच बघ.

सहारला ही गर्दी. हार, फोटो, रडारड, गाड्यांचे हॉर्न. काचेच्या दाराशी पोलीस तिकीट बघून आत सोडत होता. तिथेच दाराबाहेर दाऊद ट्रॉली घेऊन उभा होता. मुबारक आणि अरबाजने पुडकी उतरवली. मुबारकची स्वतःची बॅग मागच्या सीटवर तशीच होती. कुणी तिला हात लावला नाही.

"मी दाऊदला देऊन येतो," मुबारक म्हणाला, आणि फहमिदासमोर क्षणभर थांबला. तिने पर्सची चेन उगाच उघडली आणि लावली. तो पुडकी छातीशी धरून गर्दीत शिरला.

माहनूर सीटवर उभी राहिली. तिने दुपट्टा नीट केला आणि हात वर करून हलवायला लागली. सावकाश, सारखा, डावीकडून उजवीकडे. डोळ्यांत टिपूस नाही. तोंडावर हसू. कुणी तिला सांगितलं नव्हतं अब्बा जाताहेत म्हणून, पण अब्बा काचेच्या दाराकडे चालले की हात असा हलवायचा असतो, हे तिला पाठ होतं. रडायचं नाही, अब्बांना वाईट वाटतं, हे फहमिदानेच तिला शिकवलं होतं. पोर ते किती छान शिकली होती! शाळेत कवायतीला पहिला नंबर यावा इतकं छान. फहमिदाने तिचा दुपट्टा हलकेच ओढला.

"माहनूर, बस खाली."

"थांब ना अम्मी, अजून आत गेले नाहीत ते."

गर्दीत मुबारकचं डोकं दिसेनासं झालं. माहनूरने आणखी थोडा वेळ हात हलवला, मग व्यवस्थित खाली घेतला आणि सीटवर बसली. "गेले," ती म्हणाली. मागे अम्मी दुआ पुटपुटत होत्या.

आणि मग समोरून मुबारक येताना दिसला. रिकाम्या हातांनी, घाम पुसत, लोकांना चुकवत. तो गाडीपाशी आला, ड्रायव्हरचं दार उघडलं, आणि तसाच दारात उभा राहून फहमिदाकडे बघत राहिला. आत बसायचं धाडस त्याला झालं नाही.

माहनूर डोळे विस्फारून त्याच्याकडे बघत होती. काचेच्या दाराकडे गेलेले अब्बा परत आलेले तिने कधी पाहिले नव्हते.

"काय विसरलात, अब्बा?" तिने विचारलं.

फहमिदाने हात लांब करून त्याच्या खिशातला पासपोर्ट काढला, आपल्या पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन ओढली.

"काही विसरले नाहीत ते," ती म्हणाली. "घरी यायचंय त्यांना. सरक जरा इकडे, बसू दे."